‘न्यू’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही: ऑब्जेक्ट निर्मितीचे नियम स्टॅटिक ॲनालिसिसने कसे पाळून घ्यायचे

डॉटनेटमधला एचटीटीपीक्लायंट हा वेबवर रिक्वेस्ट पाठवणारा क्लास दिसायला अगदी साधा आहे. नवं ऑब्जेक्ट बनवणारं ‘न्यू’ लिहायचं, कॉल करायचा, काम झालं की डिस्पोज करायचं. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही आणि टेस्टही पास होतात. पण प्रत्येक रिक्वेस्टला असा नवा क्लायंट तयार होत राहिला तर गोष्ट बिघडते. डिस्पोज केल्यानंतरही त्याचं टीसीपी कनेक्शन काही काळ ‘टाइम-वेट’ अवस्थेत अडकून राहतं आणि तेवढा वेळ त्याचं पोर्टही मोकळं होत नाही. इंटरनेटवरच्या पोर्ट क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या आयएएनए या संस्थेने तात्पुरत्या पोर्टसाठी सुचवलेली रेंज ४९१५२ ते ६५५३५ आहे. म्हणजे एका मशीनवरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे जायला १६,३८४ पोर्ट. लोड वाढला की ती संपतात आणि नवं कनेक्शन उघडतच नाही.

ही चूक ओळीत नसते, ती ओळ कुठे लिहिली यात असते. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच लिहिलेलं ‘न्यू’ चालतं; तेच रिक्वेस्ट हाताळणाऱ्या मेथडमध्ये आलं की घात होतो. २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ बरोबर आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरी, म्हणजे क्लायंट तयार करून देणारी सोय, आली ती याच दुखण्यावर. पण फॅक्टरी आहे म्हणून सगळे तिच्याकडूनच ऑब्जेक्ट घेतील याची खात्री कोण देणार? कोड रिव्ह्यूमध्ये पकडू म्हणावं तर शंभर फाइलींच्या बदलात एक ‘न्यू’ सहज नजरेतून सुटतं. न कंटाळता प्रत्येक ओळ तपासणं हे माणसाचं काम नाही, स्टॅटिक ॲनालिसिसचं आहे. प्रोग्रॅम न चालवता नुसता कोड वाचून नियम मोडलेली जागा दाखवायची, एवढंच हे टूल करतं.

नियम नक्की कशाचा?

‘ऑब्जेक्ट निर्मितीचे नियम’ म्हटलं की फॅक्टरीच डोळ्यांसमोर येते, पण प्रकार बरेच आहेत. ‘ऑर्डर’ हा क्लास फक्त ‘ऑर्डरफॅक्टरी’नेच तयार करावा, हा एक. जावामधल्या बूलियनसारखा रॅपर (साध्या किमतीला ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारा क्लास) ‘न्यू’ने कधीच बनवू नये, हा दुसरा; त्यांचे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) जावा ९ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नयेत असे, आहेत आणि जावा १६ पासून पुढे काढून टाकले जाणार म्हणून खूण केलेले आहेत. टोकन किंवा पासवर्ड रीसेटचा कोड बनवणाऱ्या पॅकेजमध्ये ‘रँडम’चं ऑब्जेक्ट चालणार नाही, ‘सिक्युअररँडम’च हवं, हा तिसरा. त्याचं कारणही ठोस आहे: ‘रँडम’चं बीज फक्त ४८ बिटांचं असतं आणि त्याने दिलेले थोडे आकडे हाती आले तर पुढचे काढता येतात. वेब लेयरने डेटाबेस कनेक्शन स्वतः उघडू नये, हा चौथा.

आणि एक नियम कधीच करू नये: ‘न्यू’ कुठेच नको. लिस्ट, मॅप, स्ट्रिंगबिल्डर, एक्सेप्शन, छोटी व्हॅल्यू ऑब्जेक्ट ही जिथे लागतील तिथेच तयार व्हायला हवीत. सरसकट बंदी घातली की पहिल्याच आठवड्यात शेकडो तक्रारी येतात, लोक सप्रेशन (तक्रार दाबणारी खूण) लिहायला शिकतात आणि मग खरी तक्रारही त्याच सवयीने दाबली जाते. नियम लावायचा तो ज्यांच्या निर्मितीला किंमत किंवा अट जोडलेली आहे अशांनाच: बाहेरचं रिसोर्स धरून ठेवणारे, वैधता तपासूनच तयार व्हायला हवेत असे, किंवा टेस्टमध्ये बदलता यायला हवेत असे क्लास.

आधी कंपायलरला विचारा

कंपायलर जे अडवू शकतो ते ॲनालायझरकडे, म्हणजे स्टॅटिक ॲनालिसिसच्या टूलकडे, देऊ नये. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करून सोबत एक स्टॅटिक मेथड दिली की बाहेरचं ‘न्यू’ कंपाइलच होत नाही. जावात पॅकेजपुरता, सी-शार्पमध्ये ‘इंटर्नल’ कन्स्ट्रक्टर ठेवला तरी बराचसा बंदोबस्त होतो. ॲनालायझर बंद करता येतो, एका कॉमेंटने गप्प करता येतो. कंपायलरचं तसं नाही.

मग ॲनालिसिस लागतं कुठे? जिथे भाषेचे शब्द अपुरे पडतात तिथे. जावाचे रेकॉर्ड, म्हणजे फक्त डेटा धरणारे क्लास, घ्या, जावा १६ मध्ये कायम झालेले. रेकॉर्डचा मुख्य कन्स्ट्रक्टर त्या रेकॉर्डपेक्षा कमी खुला ठेवता येत नाही. रेकॉर्ड पब्लिक असेल तर कन्स्ट्रक्टरही पब्लिकच. कितीही वाटलं तरी ‘हे फॅक्टरीतूनच घ्या’ असं भाषेत सांगता येत नाही. कोटलिनच्या डेटा क्लासमध्ये कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करता येतो, पण आपोआप मिळणारी ‘कॉपी’ मेथड उघडी राहते आणि तपासणी चुकवून नवं ऑब्जेक्ट हातात देते. कोटलिन २.०.२० पासून कंपायलर याची वॉर्निंग देतो. जेपीएच्या (जावातल्या डेटाबेस मॅपिंगच्या) एंटिटीला विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर पब्लिक किंवा प्रोटेक्टेड असावाच लागतो. आणि जावात प्रोटेक्टेड म्हणजे त्याच पॅकेजमधल्या सगळ्यांना मोकळं. दुसऱ्याच्या लायब्ररीतल्या क्लासचा कन्स्ट्रक्टर तर आपल्या हातातच नसतो. ‘या दोन पॅकेजांना परवानगी, बाकीच्यांना नाही’ हेही जावाच्या नेहमीच्या ॲक्सेस मॉडिफायरमध्ये बसत नाही.

टूल कोडमध्ये काय बघतं

नियम किती विश्वासाचा हे टूल कोणत्या पातळीवर कोड वाचतं यावर ठरतं.

सर्वांत वरवरचं म्हणजे नुसता मजकूर शोधणं. ग्रेपने ‘न्यू ऑर्डर’ शोधलं की कॉमेंट आणि स्ट्रिंगमधलंही सापडतं, आणि ‘न्यू’नंतर ओळ तुटली असेल तर सुटतं. त्यावर नियम उभा करू नये. पसारा किती आहे याचा अंदाज घ्यायला मात्र ते पुरतं.

त्यापुढची पातळी सिंटॅक्स ट्रीची, म्हणजे कोडच्या रचनेच्या झाडाची. ईएसलिंटचा ‘नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स’ हा नियम, चेकस्टाईलची ‘इल्लीगल-इन्स्टँशिएशन’ ही तपासणी या पातळीवरच्या. कॉमेंटचा घोळ संपतो, पण नाव म्हणजे नक्की कोणता क्लास हे ट्रीला ठाऊक नसतं. जावास्क्रिप्टमध्ये इंपोर्ट करताना कुणी क्लासला दुसरं नाव दिलं की मूळ नावावर लावलेला सिलेक्टर त्याला ओळखत नाही. चेकस्टाईल एका वेळी एकच फाइल बघतं, त्यामुळे एकाच नावाचे दोन क्लास असतील तर त्याची गल्लत होऊ शकते. पायथॉनमध्ये अडचण आणखी मुळातली आहे: तिथे ‘न्यू’ हा कीवर्डच नाही. नावापुढे कंस आले की ते फंक्शन बोलावणं आहे की ऑब्जेक्ट बनवणं, हे नुसत्या ट्रीवरून कळत नाही.

म्हणून खरा नियम टाइपच्या माहितीवर लिहायचा. सी-शार्पसाठी रोझलिन, जावासाठी एरर प्रोन, पीएचपीसाठी पीएचपीस्टॅन ही टूलं नावामागचा खरा टाइप ओळखतात. इथेही एक खड्डा आहे. सी-शार्प ९ पासून उजवीकडे क्लासचं नाव न लिहिता नुसतं ‘न्यू’ आणि रिकामे कंस लिहिता येतात. टाइप डावीकडून कळतो. रोझलिनच्या सिंटॅक्स ट्रीमध्ये त्याचा नोड वेगळा आहे. जुन्या नोडसाठी लिहिलेला ॲनालायझर या नव्या रूपाकडे बघतच नाही आणि कुठे काही बिघडल्याचं दिसतही नाही. उपाय असा की सिंटॅक्सऐवजी ‘ऑपरेशन’च्या पातळीवर, ‘ऑब्जेक्टक्रिएशन’ या प्रकारासाठी नोंदणी करायची. तिथे दोन्ही रूपं एकत्र येतात. रेकॉर्डची बदललेली प्रत बनवणारं ‘विथ’ तिथेही येत नाही, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.

बाइटकोडमधलं ‘न्यू’ जवळून

जावात कोडच्या रचनेचे नियम तपासणारं आर्चयुनिट हे टूल सोर्स वाचत नाही, कंपाइल झालेला बाइटकोड वाचतं. एक साधं ‘न्यू ऑर्डर’ तिथे तीन सूचनांमध्ये फुटतं. ‘न्यू’ मेमरी घेते आणि तिचा रेफरन्स स्टॅकवर ठेवते. ‘डप’ त्या रेफरन्सची दुसरी प्रत करते, कारण एक प्रत कन्स्ट्रक्टरच्या कॉलमध्ये खर्च होणार असते. मग ‘इन्व्होकस्पेशल’ ही सूचना ‘इनिट’ नावाची खास मेथड बोलावते, आणि तीच आपला कन्स्ट्रक्टर.

आता ‘ऑर्डर’पासून ‘तातडीचीऑर्डर’ हा सबक्लास काढला, तर त्याचा कन्स्ट्रक्टर पहिल्यांदा ‘सुपर’ बोलावतो. बाइटकोडमध्ये तीही ‘इन्व्होकस्पेशल’च, त्याच ‘इनिट’वर, फक्त आधीची ‘न्यू’ सूचना नसते. आर्चयुनिटच्या हिशेबात हा कन्स्ट्रक्टरचा कॉलच झाला. म्हणून ‘फॅक्टरीबाहेर कुणी ऑर्डरचा कन्स्ट्रक्टर बोलावू नये’ असा सरळ नियम लिहिला की सबक्लासवर लाल शेरा पडतो, जरी तिथे वेगळं ऑब्जेक्ट बनलेलंच नसतं. एका कन्स्ट्रक्टरने ‘धिस’ लिहून त्याच क्लासचा दुसरा कन्स्ट्रक्टर बोलावला तरी तेच. कॉल एखाद्या कन्स्ट्रक्टरमधून निघालेला असेल आणि तो कन्स्ट्रक्टर त्याच क्लासचा किंवा त्याच्या सबक्लासचा असेल, तर तो वगळा, अशी अट ‘कॉल-कन्स्ट्रक्टर-व्हेअर’मध्ये घालायची. यात एक फट राहते: सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कुणी खरोखरच वेगळी ‘ऑर्डर’ बनवली तर ती सुटेल. असा कोड विरळा, तेव्हा ही फट परवडते. पण ती आहे हे नियमाच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवावं.

याच्या उलट बाजूची चूक कन्स्ट्रक्टर रेफरन्सची. स्ट्रीमच्या ‘मॅप’मध्ये क्लासचं नाव, दोन कोलन आणि ‘न्यू’ असं लिहिलं की त्या मेथडच्या बाइटकोडमध्ये ‘न्यू’ ही सूचना येतच नाही, ‘इन्व्होकडायनॅमिक’ येते. नेहमीचे कॉल मोजणारा नियम याकडे दुर्लक्ष करू शकतो. आर्चयुनिट कॉल आणि रेफरन्स हे वेगवेगळे धरतं, त्यामुळे नियमात दोन्ही येतात का हे करून बघावं.

मागचे दरवाजे

ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरच्या दारातूनच येतं असं नाही. जावाच्या सीरियलायझेशनमधून (ऑब्जेक्ट बाइटच्या रूपात साठवून परत आणणं) परत आलेल्या ऑब्जेक्टसाठी त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. चालतो तो वरच्या साखळीतल्या पहिल्या सीरियलायझेबल नसलेल्या क्लासचा, विनापॅरामीटर. म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये घातलेली तपासणी सरळ टळते. ‘क्लोन’चंही तसंच. रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना क्लास शोधून वापरण्यात, क्लासचं नाव स्ट्रिंग म्हणून येतं, कधी कॉन्फिगरेशन फाइलमधून, आणि प्रोग्रॅम न चालवता ते नाव काय असेल हे नेहमीच सांगता येणार नाही. ही टूलची कमतरता नाही. प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सगळ्या प्रोग्रॅमांसाठी अचूक सोडवणारी पद्धत असू शकत नाही, हे राइसने १९५३ मध्येच सिद्ध केलं आहे.

म्हणून ‘रिफ्लेक्शनने ऑर्डर बनवली का’ असं विचारत बसू नये. प्रश्न सोपा करावा: ॲप्लिकेशनच्या पॅकेजांमध्ये रिफ्लेक्शनच चालणार नाही, फक्त इन्फ्रास्ट्रक्चरच्या एका पॅकेजात चालेल. तो नियम टूलला नीट तपासता येतो.

डिपेंडन्सी इंजेक्शनचा कंटेनर (क्लासना लागणारी ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा) वापरत असाल तर सर्व्हिस क्लास बनवायचं काम त्याचं, आणि नियम दोन्ही बाजूंनी लागतो. नोंदणीच्या पॅकेजाबाहेर सर्व्हिसवर ‘न्यू’ नको, हा एक. आणि कंटेनरकडून हाताने ऑब्जेक्ट मागणारी मेथडही त्या पॅकेजाबाहेर नको, हा दुसरा. पहिलाच लावला तर लोक ‘न्यू’च्या जागी कंटेनरला विचारायला लागतात आणि कोणता क्लास कुणावर अवलंबून आहे हे कन्स्ट्रक्टरवरून दिसेनासं होतं.

नियम प्रत्यक्ष बसवताना

एचटीटीपीक्लायंटचंच उदाहरण पुढे नेऊ. डॉटनेटमध्ये यासाठी स्वतः ॲनालायझर लिहायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘बॅन्ड-एपीआय-ॲनालायझर्स’ हे पॅकेज आहे. ‘बॅन्डसिंबॉल्स’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक बंदी लिहायची. ओळीच्या सुरुवातीला टाइपसाठीचं ‘टी’ अक्षर लिहिलं तर बंदी पूर्ण क्लासवर लागते, आणि फॅक्टरीकडून आलेला क्लायंटही वापरता येत नाही. आपल्याला तसं नको. मेथडसाठीचं ‘एम’ लिहून फक्त कन्स्ट्रक्टरचं नाव द्यायचं. एचटीटीपीक्लायंटला तीन कन्स्ट्रक्टर आहेत: रिकामा, हँडलर घेणारा, आणि हँडलरसोबत एक बूलियन घेणारा. तिघांच्या तीन ओळी लागतात. एकच लिहिली की बाकीचे दोन मोकळे. अर्धविरामानंतर लिहिलेला मजकूर तक्रारीत दिसतो. तिथे ‘वापरू नका’ लिहून भागत नाही, ‘आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरी इंजेक्ट करा, क्रिएटक्लायंट बोलवा’ असं पुढचं पाऊल लिहावं. तक्रारीचा क्रमांक आरएस००३० आहे. ती मुळात वॉर्निंग म्हणून येते, एडिटरकॉन्फिगमध्ये एरर करून घ्यावी. आणि प्रोजेक्ट फाइलमध्ये ही टेक्स्ट फाइल ‘ॲडिशनलफाइल्स’ म्हणून जोडायला विसरलात तर काहीच होत नाही. बिल्ड हिरवा, नियम मेलेला.

जावात एरर प्रोनचं ‘रिस्ट्रिक्टेडएपीआय’ हे ॲनोटेशन थेट कन्स्ट्रक्टरवर लावता येतं. कारण, लिंक आणि कोणत्या पाथवरच्या फाइलींना परवानगी हे त्यातच लिहायचं. नियम क्लासच्या शेजारीच राहतो, हा याचा मोठा फायदा: क्लास हलला की नियमही हलतो. सी प्लस प्लसमध्ये क्लँग-टायडीच्या ‘मॉडर्नाइझ-मेक-युनिक’ आणि ‘मॉडर्नाइझ-मेक-शेअर्ड’ या तपासण्या जागा दाखवतात आणि दुरुस्तीही करून देतात. ‘मेक-शेअर्ड’ने ऑब्जेक्ट आणि त्याची मोजणी एकाच मेमरी वाटपात बसते, उघड्या ‘न्यू’ने दोन वाटपं होतात. मात्र कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट असेल तर ‘मेक-युनिक’ला तो बोलावता येत नाही, तिथे फॅक्टरीच्या आतलं ‘न्यू’ योग्यच असतं आणि त्या एका ओळीवर तक्रार दाबणारं ‘नोलिंट’ लिहिणंही.

कोड जुना असेल तर नियम लावल्यावर चारशे जागा लाल होतील. त्या सगळ्या सुधारेपर्यंत थांबलात तर नियम कधीच लागणार नाही. जुन्या जागा गोठवाव्या आणि नवी आली की बिल्ड पाडावा. आर्चयुनिटमध्ये ‘फ्रीझिंग-आर्च-रूल’ जुनी उल्लंघनं फाइलमध्ये नोंदवतं. तुलना करताना ओळ क्रमांक धरत नाही, त्यामुळे वर चार ओळी वाढल्या म्हणून जुनी तक्रार नवी ठरत नाही. नोंदीची फाइल रिपॉझिटरीत कमिट करायलाच हवी. ती नव्याने तयार करण्याची परवानगी मुळात बंद असते. पहिल्या वेळी चालू करावी लागते आणि लगेच परत बंद करावी. चालू राहिली आणि बिल्ड सर्व्हरवर फाइल सापडली नाही, तर तिथे कोरी फाइल बनते, आजची सगळी उल्लंघनं ‘जुनी’ म्हणून जमा होतात आणि बिल्ड आनंदाने पास होतो. पीएचपीस्टॅनच्या बेसलाइनमध्ये (जुन्या तक्रारींच्या यादीत) फाइल, संदेश आणि संख्या असते. संख्या कमी झाली की ते स्वतःच बेसलाइन सुधारायला सांगतं.

टेस्ट कोडला सरसकट सूट देण्याचा मोह होतो. देऊ नये. टेस्टमध्ये शंभर ठिकाणी ‘न्यू ऑर्डर’ लिहिलं असेल तर कन्स्ट्रक्टरला एक पॅरामीटर वाढवताना शंभर फाइली उघडाव्या लागतात. टेस्टसाठी एक बिल्डर क्लास करावा आणि परवानगी फक्त त्याला द्यावी.

नियम कोणत्या क्लासना लागू हे नावाच्या शेपटीवरून ठरवणंही धोक्याचं. ‘सर्व्हिस’ने संपणारे सगळे, असा नियम असेल आणि कुणी क्लासचं नाव बदलून ‘मॅनेजर’ केलं तर तो क्लास गुपचूप नियमाबाहेर जातो. त्यापेक्षा स्वतःचं एक ॲनोटेशन करून त्या क्लासवर लावावं.

नियमाचीच टेस्ट

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी ही. आर्चयुनिट ‘दॅट’मध्ये, म्हणजे नियम कुणाला लागू हे सांगणाऱ्या भागात, एकही क्लास सापडला नाही तर नियम नापास करतं, ही चांगली सोय. पण निर्मितीच्या नियमात ‘दॅट’ म्हणजे ‘फॅक्टरी पॅकेजाबाहेरचे सगळे क्लास’. ते तर हजारो सापडतात. चूक लक्ष्याच्या बाजूला असेल, म्हणजे ज्याचा कन्स्ट्रक्टर अडवायचा त्या क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये चुकलं असेल, तर उल्लंघन शून्य आणि तक्रारही शून्य. म्हणून टेस्टच्या फोल्डरमध्ये मुद्दाम नियम मोडणारे छोटे क्लास ठेवावे: एकात साधं ‘न्यू’, एकात कन्स्ट्रक्टर रेफरन्स, एकात लॅम्डाच्या आतलं ‘न्यू’. आणि नियम न मोडणारे दोन: एक सबक्लास, एक खुद्द फॅक्टरी. पहिल्या तिघांवर नियम नापास झालाच पाहिजे, नंतरच्या दोघांवर झालाच नाही पाहिजे. भाषेची नवी आवृत्ती आली की निर्मितीचं तिचं नवं रूप या यादीत वाढवायचं. सी-शार्प ९ च्या नुसत्या ‘न्यू’सारखी गोष्ट अशीच लवकर उघडकीला येते.

गोठवलेली यादी रिकामी झाली की पुन्हा एकदा कंपायलरकडे जावं. बाहेरून कुणीच कन्स्ट्रक्टर बोलावत नसेल तर तो आता प्रायव्हेट करून बघावा. कंपाइल झालं तर ॲनालायझरमधला तो नियम पुसून टाकावा, त्याची आता गरज उरली नाही. रेकॉर्ड, जेपीए एंटिटी आणि दुसऱ्याच्या लायब्ररीतले क्लास यांच्यापुरता मात्र तो ठेवावा लागेल.